डोंगरपार्टीतला पहिला नंबर

राखाडी रंगाचे एकशे चाळीस दगड. प्रत्येकाचं वजन एका बिस्किटाइतकं.

*

‘आ करा. अजून थोडं. बंद करा. थुंका.’

*

जुन्या प्रगतिपुस्तकातला शेरा: मुलगा हुशार आहे. वर्गात ओरडल्यासारखा बोलतो. सुधारणा हवी.
पुढच्या वर्षीचा शेरा: वर्गात बोलत नाही. उत्तम सुधारणा.

*

एकदा उचललेला दगड खाली टाकायचा नाही.

*

‘कोण होती रे ती फाटकाशी?’
‘कोणी नाही. रस्ता चुकलेली बाई होती.’

*

पहिलं बक्षीस: कापसाची मेंढी, गळ्यात खरी घंटा.

*

हे सगळे तुकडे एकाच घरातले आहेत. सिमेंट न लावता ते एकमेकांवर कसे बसतात, ते बघू.

घर दातांच्या डॉक्टरांचं. पुढच्या खोलीत दवाखाना, त्यामागे बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे उताराचं अंगण. डॉक्टर तीन-चार शब्दांपेक्षा लांब वाक्य बोलत नसत. ‘कीड आहे. काढावी लागेल. दुखणार नाही.’ पेशंट म्हणत, डॉक्टर शिस्तीचे. मित्र म्हणत, प्रत्येक शब्दाला आधी भूल देतात की काय कोण जाणे! आणि त्यांची बायको, जिला सगळी मित्रमंडळी वहिनी म्हणत आणि आपणही तेच म्हणू, ती सांगायची, ‘आमच्या घरात एक माणूस वर्षभर बोलतं आणि एक वर्षातून एकदा.’

वर्षभर बोलणाऱ्या अर्थातच वहिनी. शाळेत चित्रकला शिकवायच्या. हातात कात्री आणि डोक्यात कल्पना, दोन्ही सदैव उघड्या. अशा माणसाला पार्टी करायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं.

चार जोडप्यांचा हा कंपू. दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमायचं आणि पार्टी एखाद्या प्रदेशाची करायची. कुठला, ते चिठ्ठी काढून ठरायचं. वकीलसाहेबांच्या वाट्याला समुद्रकिनारा आला, तेव्हा त्यांनी बैठकीत पोतंभर वाळू ओतली होती. ती अजून त्यांच्या गाद्यांतून निघते. गाडी चालवायला शिकवणाऱ्या आणि म्हणून ‘पायलट’ म्हणवल्या जाणाऱ्या मित्राला वाळवंट मिळालं, तर त्यानं दारंखिडक्या लावून हीटर चालू केला आणि केमिस्टच्या बायकोला चक्कर आली. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली होती.

या महिन्यात पाळी डॉक्टरांच्या घराची. चिठ्ठी वहिनींनी काढली. उघडली. टाळी वाजवली.

‘डोंगर!’

डॉक्टर चहा पीत होते. त्यांना ठसका लागला.

*

निमंत्रण (वहिनींच्या सुवाच्य अक्षरात):

‘या, चढून या! रविवार, दुपारी चार. विषय: डोंगर. वेश: फाटकी शाल, हातात काठी, गालांना काजळी. जेवण: भाजलेले बटाटे, कारण ते दुसरं काय खातात? स्पर्धा: डोंगरी लोकांसारखं बोलून दाखवा. आंघोळ करून येणाऱ्यास प्रवेश नाही!’

शेवटचं वाक्य डॉक्टरांनी दोनदा वाचलं.

‘कसं वाटतंय?’ वहिनींनी विचारलं.

‘ठीक आहे.’

‘नुसतं ठीक? अहो, वकीलसाहेब वाचून खुर्चीवरून पडतील!’

‘छान आहे.’

वहिनींना एवढं पुरे होतं. नवऱ्याच्या दोन शब्दांतून दोनशे काढायची त्यांना बारा वर्षांची सवय होती. पण त्या दोन शब्दांमागे काय दडलंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. लग्नाच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘लहान गाव. आता कोणी नाही.’ दोन्ही वाक्यं खरी होती. ते गाव डोंगराच्या उतारावर टांगलेलं होतं, एवढंच सांगायचं राहिलं होतं. अकराव्या वर्षी ते शिकायला खाली आले आणि वर्गात पहिल्यांदा उत्तर द्यायला उभे राहिले, तेव्हा सगळा वर्ग हसला. उत्तराला नव्हे, उत्तर बरोबर होतं. बोलण्याला हसला. डोंगरातली माणसं वाक्याचं शेपूट उचलून लांबवतात. ते शेपूट कापायला मुलाला एक वर्ष लागलं. मग त्याच्या लक्षात आलं, की वाक्यच आखूड ठेवलं तर शेपूट फुटतच नाही. ‘कीड आहे. काढावी लागेल.’

लोक त्याला शिस्त म्हणाले!

*

आता मागचं अंगण.

तिथली सिमेंटची भिंत दोनदा कोसळली होती. कंत्राटदार म्हणाला, ‘सिमेंट पाण्याशी भांडतं आणि हरतं. इथं गडगा पाहिजे. नुसत्या दगडांची रचलेली भिंत. पाणी मधून वाट काढतं, भिंत जागची हलत नाही. पण तो घालणारी माणसं आता इथं नाहीत. डोंगरातल्या एक बाई आहेत, विचारतो.’

बाई आल्या. साठीच्या. बरोबर एक हातोडा, एक दोरीचं भेंडोळं आणि एक शाल. फाटकी नव्हे, चांगली घट्ट विणीची. पहिल्या दिवशी त्या दगडांच्या ढिगासमोर पाऊण तास नुसत्या उभ्या राहिल्या.

स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारलं, ‘मावशी, काम कधी सुरू करणार?’

‘सुरूच आहे की,’ मावशी म्हणाल्या.

दुपारी दगडांची दुसरी गाडी आली. मावशींनी चालकाला हाक मारली, ‘मागे घेऽऽ, डावीकडून घेऽऽ!’ दवाखान्यात डॉक्टरांचा हात थांबला. खुर्चीतला पेशंट आ करून छताकडे बघत राहिला. यंत्र नुसतंच घरघरत होतं.

त्या दिवसापासून डॉक्टर मागच्या दारानं जायचे बंद झाले. पण घरातली छोटी, वय वर्षं आठ, शाळेतून आली की दप्तर फेकायची ती थेट मावशींजवळ. काय शिकली नाही ती! एका सांध्यावर दुसरा सांधा येऊ द्यायचा नाही, एका दगडानं खालच्या दोघांना धरायचं. मोठे दगड दिसतात, पण भिंत उभी राहते ती आतल्या बारक्या भरीवर. आणि नियमांचा नियम: एकदा उचललेला दगड खाली टाकायचा नाही.

‘का नाही टाकायचा?’

‘टाकला की पुन्हा उचलावा लागतो. पाठ कुणाची मोडणार, तुझी का माझी? आणि दुसरं सांगू? प्रत्येक दगडाला जागा असते. आपल्याला दिसत नाही, हा दगडाचा दोष नाही. आपल्या डोळ्याचा.’

पाचव्या दिवशी छोटीनं बापाला हाताला धरून ओढत नेलं. ‘बाबा, बघा तरी! माझे स्वतःचे सहा दगड आहेत यात.’ डॉक्टर बघायला वाकले. पायाशी एक वेडावाकडा दगड पडला होता, मुळं फाकलेल्या दाढेसारखा. त्यांच्या हातानं तो उचलला, एकदा फिरवला आणि भिंतीतल्या एका खाचेत बसवला. टक्.

मावशींनी वळून बघितलं.

‘डॉक्टरसाहेब, एकदाच फिरवलात दगड.’

‘दातांची सवय.’

‘असेल,’ मावशी म्हणाल्या. ‘दातांनाही उतार असतो म्हणायचा.’

डॉक्टर लगबगीनं आत गेले.

*

पार्टीच्या आदल्या दिवशी बैठकीत थर्माकोलचा गडगा उभा राहिला. वहिनींनी शाळेतल्या उरलेल्या तक्त्यांमधून एकशे चाळीस दगड कापले होते, राखाडी रंगवले होते, वर काळ्या ठिपक्यांचं शेवाळही उमटवलं होतं. खरोखर बघत राहावं असं काम! कलाकाराच्या हाताला नावं ठेवायला जागाच नव्हती. कल्पना तेवढी अजून एक बाकी होती, ती घेऊन वहिनी अंगणात गेल्या. डॉक्टर स्वयंपाकघराच्या खिडकीशी हात धूत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

‘मावशी, उद्या चार वाजता आमच्याकडे पाहुणे आहेत. तुम्ही आत येऊन बसाल का? त्या सजवलेल्या भिंतीजवळ.’

‘बसून काय करायचं?’

‘काही नाही हो. नुसतं बसायचं. शाल आणि हातोडा तेवढा बरोबर आणा.’

‘हातोडा चालवायचा?’

‘छे छे! नुसता मांडीवर.’

‘आणि कोणी बोललं तर?’

वहिनी जरा अडखळल्या. ‘बोलायचं नाही. म्हणजे… फोटोत छान दिसेल. अगदी खरं वाटेल.’

मावशींनी हातातला दगड आधी बसवला. मग म्हणाल्या, ‘बिनकामाचा हातोडा मांडीवर घेऊन मी जन्मात बसले नाही. पण बघू. अकरा दिवस या घराच्या पाठीशी काम केलंय, पोटात काय आहे ते तरी कळेल.’

वहिनी हसत आत आल्या. डॉक्टर दारात उभे होते.

‘कशाला त्यांना?’

‘अहो, गंमत! त्यांनाही आवडेल. तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही कधी अशा लोकांत राहिलाय का?’

वाचकहो, या क्षणी एक ‘हो’ पुरे होता. एकच अक्षर. ज्या माणसाची सगळी वाक्यं आखूड, त्याला यापेक्षा सोपं वाक्य कुठलं? पण ते एक अक्षर डॉक्टरांच्या घशात अक्कलदाढेसारखं आडवं बसलं. ते दवाखान्यात गेले आणि घासलेली अवजारं पुन्हा घासू लागले.

*

रविवार. चार वाजून दहा मिनिटं.

वकीलसाहेब आले ते अंगावर पोतं पांघरून. केमिस्ट नवरा-बायकोनं आपल्याच दुकानातल्या काजळानं गाल काळे केले होते. पायलटनं तर पुढचा एक दात काळ्या कागदानं झाकला होता. ‘डॉक्टर, या भागात दाताचे डॉक्टर नसतात ना, म्हणून!’ हास्याचा स्फोट. बटाटे फिरले. फोटो निघाले. मावशी थर्माकोलच्या भिंतीपुढे बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या, अंगावर शाल, मांडीवर हातोडा. त्या घराच्या आत त्यांनी पहिलं पाऊल टाकलं होतं ते हे. लोक त्यांच्याजवळ येत, वाकत, फोटोपुरतं हसत, पुढे जात. सगळ्यांच्या हातात बशी होती. मावशींच्या हातात नव्हती. सजावटीला बशी कोण देतं?

मावशी मात्र लोकांकडे बघत नव्हत्या. मान वळवून थर्माकोलच्या भिंतीचे सांधे न्याहाळत होत्या.

मग स्पर्धा. वकीलसाहेब खोलीच्या मधोमध उभे राहिले, तोंडाशी हातांचं नळकांडं केलं आणि ओरडले, ‘ओ मेंढीबाईऽऽ, माझी बायको कुठं पाहिलीस काऽऽ? तुझ्याचसारखी दिसतेऽऽ!’

त्यांच्या बायकोनं उशी फेकून मारली. पायलट जमिनीवर लोळला. वहिनी डोळे पुसत होत्या.

डॉक्टर स्वयंपाकघराच्या दारात किटली घेऊन उभे होते. हसत होते. तीस वर्षांत एक गोष्ट त्यांना पक्की जमली होती: डोंगराला लोक हसले, की सगळ्यांत आधी आपण हसायचं.

‘आता डॉक्टर!’ पायलट ओरडला.

‘नको. मला जमत नाही.’

‘पळवाट नाही! आज तुमच्याकडून दहा शब्दांचं वाक्य काढल्याशिवाय आम्ही हलणार नाही.’

‘बाबा, मावशींसारखं बोला ना!’ छोटी टाळ्या पिटत होती. ‘सोप्पंय!’

डॉक्टरांनी किटली ठेवली. मधोमध आले. दोन-तीन शब्द कसेतरी वेडेवाकडे ओरडायचे आणि सुटका करून घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. समोर मावशी होत्या. मावशींनी पहिल्यांदाच भिंतीवरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं.

आणि डॉक्टरांच्या पोटातून, घशातून नव्हे, पोटातून आवाज आला,

‘मावशीऽऽ, ओ मावशीऽऽ! तुमच्या उताराला ऊन आहे काऽऽऽ?’

खिडकीच्या काचा थरथरल्या. तो आवाज खोलीसाठी नव्हताच. एका कड्यावरून निघून समोरच्या कड्याला लागून परत येईल, असा होता.

आणि मग टाळ्यांचा कडकडाट!

‘बाप रे! काय नक्कल केली!’

‘छुपे रुस्तम निघालात, डॉक्टर!’

‘पहिला नंबर! दुसरा कोणी बोलायचंच नाही!’ वकीलसाहेबांनी कापसाची मेंढी डॉक्टरांच्या हातात कोंबली. वहिनी तर नवऱ्याकडे अशा बघत होत्या, जणू बारा वर्षांनी लॉटरी लागली.

तेवढ्यात मावशी स्टुलावरून उठल्या. हातोडा जमिनीवर ठेवला.

‘आहे रे बाबाऽऽ! तुझ्याकडे धाडतेऽऽऽ!’

पुन्हा टाळ्या. सजावट बोलली म्हणून जास्तच. पण मावशी आता डॉक्टरांच्या अगदी जवळ आल्या होत्या आणि हळू आवाजात विचारत होत्या. ‘डॉक्टरसाहेब’ गळून पडलं होतं.

‘कुणाचा रे तू?’

‘पाणवठ्याच्या वरचं घर,’ डॉक्टर म्हणाले. ‘आई गडगे घालायची. डाव्या हातानं.’

‘डावरी? डावरीचा मुलगा तू?’ मावशींनी त्यांचं मनगट धरलं. ‘अरे, सांधा कसा चुकवायचा, ते मला तिनं शिकवलं! तिनं घातलेला शेवटचा गडगा माहीत आहे ना, वळणावरचा? वरचा रस्ता त्यानंतर दोनदा वाहून गेला. गडगा तिथंच आहे. एक दगड हललेला नाही!’

डॉक्टरांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. हातातल्या मेंढीची घंटा बारीक किणकिणायला लागली.

‘हे… हे आधी ठरवून बसवलंय ना?’ केमिस्टच्या बायकोनं कुजबुजत विचारलं.

‘नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘मी नक्कल केली नाही. अकरा वर्षांचा होईपर्यंत मी असाच बोलत होतो, मग तुमच्यासारखं बोलायला शिकलो, आणि त्या शिकण्यात बोलायचंच विसरलो. तीस वर्षं मी केली ती नक्कल होती. आज पहिल्यांदा खरं बोललो, तर तुम्ही मला नकलेचा पहिला नंबर दिलात.’

इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. आणि त्याचं शेपूट वर उचललेलं होतं. आता कोणी हसलं नाही. पायलटनं हळूच दातावरचा काळा कागद काढून खिशात टाकला.

वहिनी पुढे आल्या. चेहरा पडलेला.

‘मला का नाही सांगितलंत?’

‘तू हसली असतीस.’

वहिनी ‘नाही’ म्हणणार होत्या. ओठांवर आलं होतं. मग त्यांची नजर भिंतीवर टाचलेल्या स्वतःच्या निमंत्रणाकडे गेली. आंघोळ करून येणाऱ्यास प्रवेश नाही.

‘हो,’ त्या म्हणाल्या. ‘हसले असते.’

केवढं मोठं मन लागतं हे म्हणायला! सगळ्यांसमोर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पार्टीत!

वकीलसाहेबांना मात्र वकिली सुचली. ‘अहो, पण आमच्या मनात तसं काही नव्हतं. गंमत होती. आजकाल माणसानं हसायचंही नाही का?’

‘हसा की,’ मावशी म्हणाल्या. ‘आम्ही काय तुम्हाला हसत नाही? थांबा, दाखवते.’ त्यांनी हातोडा कानाला लावला आणि खोलीभर येरझाऱ्या घालत म्हणाल्या, ‘हं, बोल. हं. ऐकतोय. नाही नाही, बोल तू. हं… काय म्हणालास?’

सगळे जण खो खो हसले, कारण तो हुबेहूब वकीलसाहेबांचा फोन होता. अकरा दिवसांत दोनदा ते मागच्या अंगणात फोनवर बोलत फिरले होते. वकीलसाहेबही हसले.

‘बघा, नक्कल मलाही येते,’ मावशी म्हणाल्या. ‘पण मी तुमची नक्कल केली, तेव्हा तुम्ही समोर होतात आणि तुमच्या तोंडाला कुलूप नव्हतं. मला तुम्ही कोपऱ्यात बसवलंत आणि बोलायचं नाही म्हणालात. ज्याची गंमत करायची, त्याला उलट बोलायची सोय ठेवा. मग ती गंमत. नाहीतर ते नुसतं हसणं.’

‘चुकलं,’ वकीलसाहेब म्हणाले. एवढी छोटी कैफियत त्यांनी आयुष्यात दिली नसेल.

‘आणि आम्ही ओरडतो का, ते कोणी विचारलंत? समोरच्या उतारावरचं घर असं दिसतं, हात लांबवला तर लागेल. पण चालत जायला अर्धा दिवस. तिथल्या म्हातारीला ताप आहे का, मूल झालं का, मेंढरं परतली का, सगळं हाकेवर. वाक्य लांबवलं नाही तर मधल्या दरीत पडतं. ऊन आहे का विचारतो, म्हणजे बरी आहेस का विचारतो. ऊन आहे म्हणालं, की इकडचा माणूस निवांत जेवतो.’

छोटी म्हणाली, ‘म्हणजे ते ओरडणं नाहीच. तो फोन आहे!’

‘आणि तुमच्या फोनसारखा नाही, बाळा. त्यात समोरचा ऐकतो.’

वहिनींनी गालांवरची काजळी पदरानं पुसली. मग एक बशी घेतली, वाढली, खोलीतली सगळ्यात चांगली खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, ‘मावशी, इथं बसा. आणि आमच्या या भिंतीत काय चुकलंय, तेवढं सांगा. तुम्ही मघापासून तिच्याकडे बघताय, मी पाहिलंय.’

मावशी प्रसन्न हसल्या. ‘रंग काय दिलाय! मी हात लावून बघितला, तेव्हा कळलं दगड नाही म्हणून. पण सगळे सांधे एकावर एक आलेत. खऱ्या दगडांचा असता तर पहिल्या पावसात तुमच्या अंगावर.’

‘मग खरा दाखवा.’

*

पाच वाजता आठ मोठी माणसं, त्यातली निम्मी काजळी फासलेली, मागच्या अंगणात दगड वाहत होती. गडग्याचा शेवटचा थर बाकी होता. असल्या पार्टीचं निमंत्रण कुणीच लिहिलं नव्हतं.

कोण कुणाला काय शिकवत होतं! केमिस्टला बारकी भर निवडायचं काम मिळालं आणि तो गोळ्या मोजाव्यात तसे खडे निवडू लागला. पायलट दगडाला ‘थोडा डावीकडे, अजून डावीकडे, बस’ म्हणत होता. वकीलसाहेबांनी हौसेनं भला मोठा तिरपागडा दगड उचलला, इथं लावून बघितला, तिथं लावून बघितला, घामाघूम झाले आणि खाली टाकायला वाकले.

‘काका! खाली नाही टाकायचा!’ छोटी किंचाळली.

‘अगं, पण हा कुठंच बसत नाही!’

‘बसतो. तुम्हाला दिसत नाही.’

वीस मिनिटं वकीलसाहेब तो दगड पोटाशी धरून गडग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. कोणी मदत केली नाही. मावशींनी करू दिली नाही. शेवटी अगदी कडेला, जिथं गडगा कुंपणाला मिळत होता, तिथं तो दगड असा जाऊन बसला, जणू ती जागा त्याची वाट बघत होती. टक्! वकीलसाहेबांनी दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. त्या आरोळीचं शेपूट वर गेलं होतं. ते कोणाला शिकवावं लागलं नव्हतं.

डॉक्टर काम करत होते आणि बोलत होते. अखंड. आई दगड कशी वाजवून बघायची, बर्फात रस्ता कसा ओळखायची, डाव्या हातानं घातलेला सांधा दुरून कसा ओळखू येतो. वहिनी दगड पुढे करत होत्या आणि ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, ‘अहो, जरा थांबा ना, मला एक विचारायचंय.’

‘विचार.’

‘तुमच्या उताराला ऊन आहे का?’

त्यांना ते शेपूट जमलं नाही. पण चेष्टा नव्हती ती, चौकशी होती. आणि या दोहोंतला फरक आता त्या अंगणात प्रत्येकाला कळत होता.

‘आहे,’ डॉक्टर म्हणाले.

वाचकहो, पार्टी करावी. जरूर करावी. चार भिंतींत समुद्र आणावा, वाळवंट आणावं, डोंगर आणावा. दुसऱ्याच्या मुलखाचं कौतुक वाटणं, हे माणसाच्या चांगुलपणाचंच लक्षण आहे. फक्त मुलूख घरी बोलावला, की त्याच्या माणसांनाही बोलवा. त्यांना कोपरा नको, खुर्ची द्या. बशी द्या. आणि आधी त्यांना बोलू द्या. कारण ज्याच्या बोलण्याला आपण हसतो, तो बहुतेक वेळा आपल्याच खोलीत असतो, किटली घेऊन दारात उभा असतो आणि सगळ्यांच्या आधी हसत असतो!

पुढच्या महिन्यापासून त्या कंपूनं नियम बदलला. चिठ्ठीत निघालेल्या प्रदेशातलं निदान एक माणूस पाहुणा म्हणून हवं. नसेल ओळखीचं, तर पार्टी नाही, आधी ओळख करून घ्यायची. खारवट जमिनीची पार्टी त्यामुळे चार महिने लांबली. कापसाची मेंढी आता दवाखान्यात असते. घाबरलेल्या मुलांच्या हातात डॉक्टर ती देतात आणि दात बघता बघता इतक्या लांबलचक गोष्टी सांगतात, की बाहेर बसलेले पेशंट कुरकुर करतात. गडगा दोन पावसाळे झाले, उभा आहे.

डॉक्टर अकरा वर्षांचे असताना त्यांची आई एकदा वसतिगृहात आली होती. दीड दिवस चालून आणि मग दोन गाड्या बदलून. फाटकाशी उभं राहून तिनं मोठ्यानं विचारलं, उताराला ऊन आहे का. मुलं हसली. तो खिडकीत होता. त्यानं उत्तर दिलं नाही. ती संध्याकाळपर्यंत थांबली आणि परत गेली.